सर्पदंशापेक्षा घातक ठरतो तो विलंब!

मृगाच्या सरी कोसळल्या की शेतीच्या कामांना वेग येतो आणि त्याच सुमारास ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडतात, तर भक्ष्याच्या शोधात ते गोठ्यापर्यंत आणि घरापर्यंत पोहोचतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख जणांचा बळी गेला, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढण्यात आला. हे प्रमाण वर्षाला सरासरी ५८ हजार एवढे होते. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातील होते.

रुग्णालयांच्या दप्तरी मात्र हा आकडा कितीतरी कमी दिसतो. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे नोंदविणाऱ्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, सर्पदंशाने दगावलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांचा मृत्यू रुग्णालयाबाहेरच झाला होता. जो रुग्णालयात पोहोचतच नाही, त्याची नोंद तरी कोठे होणार?

चार प्रमुख साप

महाराष्ट्रात आढळणाऱ्या विषारी सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार माणसासाठी सर्वाधिक घातक मानले जातात. नाग आणि मण्यार यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि रक्तस्राव होतो. घोणसच्या दंशानंतर मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

यांत मण्यार अधिक फसवी. ती रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना जवळजवळ होत नाहीत आणि दाताच्या खुणाही सहसा दिसत नाहीत. पहाटे पोटदुखी, उलट्या सुरू होतात. त्यावर अपचनाचे घरगुती उपाय केले जातात आणि मोलाचे तास निघून जातात.

उपचार एकच

विषबाधेवर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे प्रतिसर्पविष लस. घोड्यांना सापाचे विष अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून ती बनविली जाते. भारतातील लस वरील चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून डॉक्टरांकडे नेण्याची गरज नसते. मात्र प्रदेशागणिक विषाचे घटक बदलतात, त्यामुळे लशीचा परिणाम सर्वत्र सारखा दिसत नाही. मण्यार वा नागाच्या दंशात लशीच्या जोडीला कृत्रिम श्वासाची सोय असणेही तितकेच आवश्यक ठरते.

दंश झालेल्या व्यक्तीला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि अंगठी, बांगड्या, पैंजण काढून तातडीने लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे किंवा मांत्रिकाकडे धाव घेणे हे सारे टाळावे. साप बिनविषारी असला वा दंशातून विषच उतरले नसले, तर रुग्ण आपोआप बरा होतो. त्याचे श्रेय मात्र मंत्राला मिळते आणि पुढच्या रुग्णाचा घात होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला असून, सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याची सूचनाही त्याच वर्षी राज्यांना दिली. या आराखड्याचे यश अखेर गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रात्रीच्या वेळी लस आणि ती देणारा डॉक्टर हजर असतो की नाही, यावरच अवलंबून राहील.