वय वाढलं म्हणून केस कापायचे? केशरचनेबद्दलचे सात गैरसमज

पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला केसांवरून सल्ला द्यायला सगळेच पुढे सरसावतात. सासूबाई म्हणतात, शेपटा मोडू नकोस. लेक म्हणते, आई, बॉब कर. पार्लरवाली केराटिनचा दर सांगते, तर शेजारीण काळ्या मेंदीचं पाकीट हातात ठेवते. डबे भरून, लोकल किंवा एसटी गाठण्याआधी आरशासमोर उभं राहायला तिच्याकडे किती मिनिटं असतात, हे मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर केशरचना ठरवायला दोनच गोष्टी पाहाव्या लागतात: आज डोक्यावर असलेले केस कसे आहेत आणि रोज त्यांना किती वेळ देता येतो. वयाचा विचार त्यानंतरचा. तरीही वयाच्या नावाखाली बरेच चुकीचे समज पसरले आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज 1: चाळिशीनंतर आखूड केसच शोभतात.

वस्तुस्थिती: असा नियम नाही. लांबी वयावर नव्हे, केसांच्या दाटपणावर ठरवावी. टाळूवरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. काही वर्षं वाढून तो थांबतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा केस येतो. हा वाढीचा काळ सर्वसाधारणपणे 2 ते 6 वर्षांचा असतो. सहा वर्षं वाढलेला केस 75 सेंटीमीटरच्या आसपास पोहोचतो, पण तीन वर्षांत थांबलेला जेमतेम 40 पर्यंत. रजोनिवृत्तीच्या आगेमागे अनेकींच्या बाबतीत हा काळ आखडतो आणि एकेक केस बारीकही होतो. म्हणून मुळाशी भरलेली वेणी टोकाला उंदराच्या शेपटीसारखी दिसू लागते.

सैल वेणी घालून ती वरून खाली बोटांत धरत न्या. जिथे ती निम्म्याहून बारीक लागते, तिथवरची लांबी आपली. कुणाची ती कमरेपर्यंत असेल, कुणाची खांद्याखाली चार बोटं. साठीतही दाट, लांब केस असतील तर ते हौसेने राखावेत. विरळ टोकं कापली की उरलेले केस लगेच भरगच्च दिसतात. मात्र कापल्यामुळे केस दाट उगवतात, हे खरं नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच दाखवलं होतं की वस्तरा फिरवल्याने नव्या केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं आणि कात्री तिथे पोहोचत नाही.

गैरसमज 2: केस जितके आखूड, तितकी कटकट कमी.

वस्तुस्थिती: धुणं आणि वाळवणं सोपं होतं, पण पार्लरच्या फेऱ्या वाढतात. अगदी आखूड कटचा आकार चार ते सहा आठवड्यांत बिघडतो. हनुवटीपर्यंतचा बॉब सहा ते आठ आठवडे टिकतो. खांद्याच्या खाली आलेले केस मात्र तीन महिने हात न लावताही नीट दिसतात. शिवाय मे महिन्यात स्वयंपाकघरात घामाघूम झाल्यावर हनुवटीपर्यंतचे केस ना बांधता येतात, ना मोकळे सहन होतात.

म्हणून वेळ नसलेल्या बहुतेकींना मी गळ्याच्या हाडापर्यंतची, म्हणजे खांद्याच्या किंचित खालची लांबी सुचवेन. ती मोकळी सोडता येते, क्लचरमध्ये अडकते आणि लग्नकार्यात छोटा अंबाडा घालून गजराही माळता येतो. महिन्या-दीड महिन्याने पार्लरला जाणं सहज जमत असेल आणि मान मोकळी आवडत असेल, तर आखूड कटही बेधडक करावा.

गैरसमज 3: भरपूर लेयर्स केले की केस दाट दिसतात.

वस्तुस्थिती: हे केसांच्या पोतावर अवलंबून आहे. जाड, लाटदार केसांचा फुगारा लेयर्समुळे कमी होतो आणि ते नीट बसतात. बारीक, सरळ केसांवर तेच लेयर्स उलटे पडतात, कारण टोकाशी आधीच थोडे असलेले केस आणखी कमी होतात. अशा केसांना खालून एका रेषेत कापलेला ब्लंट कट आणि चेहऱ्यालगत दोन-तीन मोजक्या बटा पुरतात. कुरळे केस वाळल्यावर वर चढतात, त्यामुळे ते कोरडे असतानाच लांबी ठरवून घ्यावी.

चांगला कट रोजची मेहनत वाचवतो, हे लंडनचे केशरचनाकार व्हिडाल ससून यांनी 1960च्या दशकात जगाला दाखवलं. तेव्हा तिथल्या बायका दर आठवड्याला पार्लरमध्ये जाऊन केस सेट करून घेत. ससून यांनी केस कसे पडतात ते पाहून नेमके कापले. धुतल्यावर ते आपोआप आकारात बसू लागले. आपल्याला तेच हवं आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ब्लो-ड्रायने दिलेला आकार फार वेळ टिकत नाही, कारण हवेतला ओलावा शोषून केस मूळ वळणावर येतो. जे वळण परतून येणारच आहे, ते धरून कापलेला कट सोयीचा.

गैरसमज 4: चेहऱ्याच्या आकारावरून कट ठरतो.

वस्तुस्थिती: गोल चेहरा, लांब चेहरा हे ढोबळ आडाखे आहेत. चाळिशीनंतर त्याहून महत्त्वाचा ठरतो तो चष्मा. कपाळावर फ्रिंज आणि खाली जाड फ्रेम असली तर चेहरा झाकून जातो. फ्रिंज दर दोन-तीन आठवड्यांनी छाटावीही लागते. त्याऐवजी गालाच्या हाडाशी संपणाऱ्या तिरक्या बटा घेतल्या, तर त्या कानामागे सारता येतात. कट करायला जाताना रोजचा चष्मा सोबत असू द्या. वर्षानुवर्षं एकाच जागी असलेला भांग बोटभर सरकवला, तरी मुळाशी उठाव येतो. त्याला खर्च शून्य.

गैरसमज 5: पांढरे केस रंगवायलाच हवेत, आणि काळी मेंदी नैसर्गिक असल्याने निर्धोक असते.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. शुद्ध मेंदीतल्या लॉसोनचा रंग तांबूस-नारिंगी असतो. नुसत्या मेंदीने केस काळे होत नाहीत. त्यासाठी नीळ किंवा रासायनिक रंग लागतो, आणि काळ्या मेंदीच्या अनेक पाकिटांत पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिन असतं. त्याची अ‍ॅलर्जी आली तर टाळू, कान आणि पापण्या सुजतात. पूर्वी न झालेली अ‍ॅलर्जी पुढे कधीही होऊ शकते. म्हणून पाकिटावरचे घटक वाचावेत आणि रंग लावण्याआधी 48 तास कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा.

गडद रंग वेळखाऊही असतो. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढणार आणि तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसणार. ती चुकवायची असेल तर मूळ रंगाहून एक-दोन छटा फिका रंग किंवा बारीक हायलाइट्स घ्यावेत, म्हणजे नवे पांढरे केस त्यात मिसळून जातात. रंग पूर्ण सोडायचा असेल तर मनाची तयारी हवी, कारण खांद्यापर्यंतचे केस पूर्ण बदलायला दोन-अडीच वर्षं लागतात. तेवढ्यापुरती लांबी कमी केली की काळ घटतो. अभिनेत्री झीनत अमान यांनी सत्तरी ओलांडल्यावर आपले रुपेरी केस दिमाखात मिरवले. ज्यांना रंगवायला आवडतं त्यांनी जरूर रंगवावेत, पण कुणाच्या धाकाने नको.

गैरसमज 6: एकदा केराटिन केलं की सुटका.

वस्तुस्थिती: केस सरळ, मऊ करणाऱ्या या ट्रीटमेंटचा परिणाम काही महिने टिकतो आणि मुळाशी येणारा नवा केस आपल्या वळणाचाच असतो. काही ट्रीटमेंट्समधून गरम इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला आहे. त्याऐवजी वापरलं जाणारं ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिडही निर्धास्त नाही. केस सरळ केल्यानंतर दर वेळी मूत्रपिंडाला इजा झालेल्या एका तरुणीची नोंद 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. वेळ वाचवायला एवढी जोखीम कशाला? नीट कट आणि धुतल्यानंतर टोकांना लावलेले खोबरेल तेलाचे दोन थेंब बहुतेकींना पुरतात.

गैरसमज 7: घट्ट अंबाडा सर्वांत सुरक्षित, आणि केस विरळ होणं हे वयाचंच लक्षण.

वस्तुस्थिती: रोज एकाच जागी ताणून बांधलेल्या केसांची मुळं दुखावतात आणि कपाळालगतची रेषा मागे सरकते. वेळीच सैल बांधू लागलं तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं ताण राहिला तर जागा कायमची ओकीबोकी होते. ओला केस अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओल्या केसांचा अंबाडा नकोच. कापडी रबर किंवा रुंद क्लचर वापरावा आणि बांधायची जागा बदलत राहावी.

भांग रुंदावत असेल तर पार्लरआधी डॉक्टरांना भेटा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. लोह कमी असणं, थायरॉइडचा विकार किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला डेंग्यूसारखा ताप, यांमुळेही केस गळतात. ही कारणं रक्ततपासणीतून आणि डॉक्टरांशी बोलण्यातून कळतात आणि त्यांवर उपचार आहेत. वयाच्या नावाखाली ती सोसत बसू नये.

पार्लरच्या खुर्चीत बसल्यावर फोटो दाखवण्याआधी चार गोष्टी सांगा: सकाळी किती मिनिटं मिळतात, केस बांधावे लागतात का, धुतल्यावर ते स्वतःहून कसे पडतात आणि पुन्हा कधी यायला जमेल. केस रोजच्यासारखे, तेल-सेटिंगशिवाय धुऊन गेलात तर कापणारीलाही त्यांचा स्वभाव दिसतो. दिवसभर घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या केसांबद्दल एवढं ठामपणे बोलायचा पूर्ण हक्क आहे, आणि तो तिने बजावायलाच हवा.