पहिल्या राफ्टिंगला पाणी किती हवं?

कोलाडच्या राफ्टिंगचं बुकिंग करताना लोक हमखास दोन गोष्टी विचारतात : जेवण धरून किती, आणि पोहता येत नसेल तर चालेल का? दोन्ही प्रश्न रास्तच. पण त्या दिवशी नदीला पाणी किती असेल, हे फारसं कोणी विचारत नाही. खरं तर सहल मजेची होणार, रटाळ होणार की अंगावर येणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

कोलाडला राफ्ट चालतात त्या कुंडलिका नदीपासून सुरुवात करू, कारण तिथं पाणी कुठून येतं याचा हिशेब स्पष्ट आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर रोडावतात, उन्हाळ्यात तर नुसते डोह उरतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही खळाळते, आणि ते श्रेय तिचं नाही. पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळेचं पाणी अडवलं आहे. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो याच धरणावरून. मुळा तशी पूर्वेला जाणारी, भीमेच्या खोऱ्यातली नदी; पण तिचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून नेऊन घाटाखाली भिऱ्याला सोडतात आणि त्यावर १९२७ पासून वीज तयार होते. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. बंगालच्या उपसागराला जाऊ शकलं असतं ते पाणी असं रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं, आणि वाटेत आपल्या राफ्ट वाहून नेतं.

म्हणून कोलाडची राफ्ट वीजकेंद्राच्या घड्याळावर चालते. पाणी साधारणपणे सकाळी सोडतात, त्यामुळे साज्याजवळ राफ्ट उतरवणाऱ्यांची लगबगही सकाळचीच असते. उशिरा उठणाऱ्यांसाठी नदी थांबत नाही. इथं एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. धरणातून पाणी सोडल्यावर नदीत जी चढ येते, ती चढ पाण्यापेक्षा वेगानं खाली सरकते. पाण्याचा एखादा थेंब खाली पोचायच्या आधीच पातळी वाढलेली असते, कारण मागचं पाणी पुढच्याला ढकलत असतं. पाणी बंद केल्यावर उतारही तसाच भराभर खाली येतो. राफ्ट जाते पाण्याच्याच गतीनं. म्हणजे उशिरा निघालेल्या राफ्टला ओसरतं पाणी मागून गाठतं, आणि शेवटच्या टप्प्यात तुमचा गाइड राफ्टमधून उतरून दोर ओढताना दिसतो. वेळेवर या असं तो आदल्या रात्री फोनवर चारदा सांगतो, ते उगाच नाही.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे. नदीचं पाणी दोन तऱ्हांनी मोजतात. एक पातळी, मीटरमध्ये. दुसरा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी जातं ते, क्युसेक किंवा क्युमेकमध्ये. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. पावसाळ्यात बातम्यांमध्ये आपण पातळीचे आकडे ऐकतो : महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर, डोलवहाळ बंधाऱ्यापाशी कुंडलिकेची २३.९५, कर्जतला उल्हासची ४८.७७, आणि ऋषिकेशला गंगेची ३४०.५० मीटर. यावरून उल्हास सावित्रीपेक्षा सातपट खोल आहे असं कोणी समजलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पण शून्य कुठून धरायचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. ऋषिकेशचा आकडा तर समुद्रसपाटीपासूनचा. तेव्हा एका नदीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. विसर्गाचंही तेच. एका रुंद नदीत जे पाणी पसरून शांतपणे जाईल, तेच अरुंद खिंडीत उसळेल. आकड्याला अर्थ येतो तो त्याच नदीच्या त्याच पट्ट्यावर, अनेक वेळा ती उतरलेल्या माणसाच्या तोंडून.

रॅपिडच्या, म्हणजे नदीतल्या खळाळत्या टप्प्यांच्या, ग्रेडचंही असंच आहे. पहिली ते सहावी अशी ती मोजपट्टी. कुंडलिकेचे रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचे मानतात. पण ही ग्रेड नेहमीच्या पाण्याला दिलेली असते. पाणी वाढलं की दुसरीचा रॅपिड तिसरीचा होऊ शकतो, किंवा दगड बुडून नुसत्या लाटा उरल्या तर सोपाही होतो.

सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की पहिलटकराला पाणी जेवढं कमी तेवढं बरं. कमी पाण्यात वेग कमी असतो हे खरं. पण दगड उघडे पडतात, वाट अरुंद होते आणि नेम धरून राफ्ट काढावी लागते. सहा नवखे हात एका वेळी वल्हं मारायला शिकत असतात, तेवढ्यात राफ्ट आडवी होऊन कातळाला टेकते. मागचं पाणी तिला कातळावर दाबून धरतं, प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड पाण्याखाली जायला लागते आणि गाइड ‘हाय साइड’ म्हणून ओरडतो. म्हणजे सगळ्यांनी दगडाच्या बाजूला, उंच झालेल्या कडेवर झेपावायचं. नवखा माणूस नेमका दगडापासून लांब सरकतो.

दुसरा धोका पायाचा. गुडघा ते कंबरभर वाहत्या पाण्यात पडलेला माणूस उभं राहायला जातो. दोन दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि पाणी त्याला पुढे वाकवतं. पाणी कंबरेएवढंच, पण डोकं वर काढता येत नाही. म्हणून पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं आणि बोटं पाण्याबाहेर दिसतील इतके वर, आणि पाणी अगदी संथ होईपर्यंत उभं राहायचं नाही. ही सूचना प्रत्येक गाइड देतो आणि निम्मे लोक तेव्हा सेल्फी काढत असतात.

जास्त पाण्याची गोष्ट वेगळी. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा जवळपास चौपट होतो. साध्या पाण्यात दगडांच्या आडोशाला ‘एडी’ असतात : प्रवाह पुढे जातो आणि तिथलं पाणी उलटं फिरून थबकतं. राफ्ट थांबवायला, पडलेल्याला उचलायला, पुढचा रॅपिड पाहून घ्यायला हीच जागा. पूर चढला की दगड बुडतात आणि एडी धुऊन जातात. दोन रॅपिडमधला डोहही आखडतो. एकातून सावरायच्या आत दुसरा समोर येतो, आणि राफ्टबाहेर पडलेला माणूस एका रॅपिडऐवजी तीन रॅपिड पोहतो. शिवाय पाणी काठावरच्या झाडीत शिरतं. करंजाच्या, जांभळाच्या लोंबत्या फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस अडकतो, चहाच्या गाळणीत पत्ती राहावी तसा. अशी झाडी दिसली की दुरूनच वळायचं. जवळ गेल्यावर वळता येत नाही.

मधल्या पातळीतही एक नाठाळ टप्पा असतो. मोठ्या कातळावरून पाणी जेमतेम जायला लागलं, की ते पलीकडे खाली कोसळतं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं कातळाकडे ओढलं जातं. याला ‘होल’ म्हणतात. राफ्ट त्यात थबकू शकते, माणूस घोळला जाऊ शकतो. पाणी आणखी वाढलं की बहुधा त्याच जागी नुसती मोठी लाट होते. म्हणून ‘कालपेक्षा हातभर जास्त आहे’ एवढ्यावरून रॅपिड सोपा की अवघड हे सांगता येत नाही. त्या हातभरात कोणता दगड बुडाला हे माहीत हवं. नदीवरच्या बंधाऱ्यांचं मात्र सरळ आहे. बंधाऱ्याखाली असंच उलटं फिरणारं पाणी काठापासून काठापर्यंत पसरलेलं असतं, सुटायला वाट नसते. वरून ते निरुपद्रवी दिसतं. त्यावरून कुठल्याच पातळीला जायचं नाही.

तर मग पहिल्या खेपेला हवं काय? त्या पट्ट्यावर नेहमी राफ्ट चालतात तेवढं, मधलं पाणी. आणि तेही स्थिर किंवा उतरतं. एकाच पातळीचं चढतं आणि उतरतं पाणी सारखं नसतं. उतरत्या पाण्यात उशीर झाला तर फार तर राफ्ट टेकेल. चढत्या पाण्यात अर्ध्या तासानं कुठली नदी असेल हे कोणालाच ठाऊक नसतं. धरणातून ठरल्या वेळी सोडलेलं पाणी चढतं खरं, पण ते कुठं थांबणार हे माहीत असतं. धोक्याची ती पावसानं येणारी चढ.

पाणी चढतंय की उतरतंय हे काठावर बसून कळतं. पाण्याच्या कडेला बोटभर काठी रोवा किंवा एखाद्या दगडावरची रेघ हेरून ठेवा, आणि चहा पिऊन परत या. रेघ बुडाली तर चढतंय. दगडांवर पाण्याच्या वर ओला, काळा पट्टा दिसत असेल आणि काठच्या वाळूवर पालापाचोळ्याची ताजी ओळ मागं राहिली असेल, तर उतरतंय. काडीकचरा, पानं, फेस प्रवाहाच्या मध्यातून वाहत येत असेल आणि पाणी तासाभरात निवळशंखाचं तांबूस झालं असेल, तर वर कुठंतरी पाऊस झालाय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. घाटाखालच्या नद्या अशाच चढतात.

म्हणूनच कर्जतला उल्हासवर किंवा गोव्यात वाळपईजवळ म्हादईवर जे राफ्टिंग चालतं, ते ऐन पावसाळ्यातलं असल्यानं त्याची तारीख पंधरा दिवस आधी ठरवण्यात अर्थ नाही. त्या सकाळी नदी बघूनच ठरवायचं. पहिली खेप असेल तर मला तरी पावसाळ्यानंतरचं कोलाड जास्त योग्य वाटतं.

ऋषिकेशला जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं राफ्टिंग बंद असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराचं पाणी उतरत, निवळत असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत कमी आणि झोंबणारं थंड. मार्च-एप्रिलमध्ये मध्यम, आणि मे-जूनमध्ये बर्फ वितळून गंगा फुगायला लागते. आपल्याकडचे बहुतेक लोक मुलांच्या सुट्टीत, म्हणजे नेमके या फुगत्या पाण्यात जातात. सुट्टी बदलता येत नाही, पट्टा बदलता येतो : कौडियालापासूनचा लांब पट्टा सोडून ब्रह्मपुरीचा छोटा, किंवा पाणी बरं असेल तर शिवपुरीचा घ्यायचा. वर भागीरथीवर टिहरीचं धरण असल्यामुळे दिवसाच्या दिवसातही पातळी हलते, हे ध्यानात ठेवायचं.

गाइडला ‘आज पाणी कसं आहे?’ असं विचारलं तर ‘एकदम मस्त, सर’ हेच उत्तर येणार. प्रश्न नेमके हवेत. या महिन्याच्या मानानं आज पाणी कमी की जास्त? कालपासून चढलं की उतरलं? मोठ्या रॅपिडखाली कोणी पडलं तर त्याला उचलायला शांत पाणी किती अंतरावर आहे? बरोबर दुसरी राफ्ट किंवा कयाक असणार का? काल एखाद्या रॅपिडला वळसा घालून काठानं चालवत नेलं का? या शेवटच्या प्रश्नाला जो लगेच, रॅपिडचं नाव घेऊन उत्तर देतो, त्याच्या राफ्टमध्ये बसायला हरकत नाही.

आणि पैसे भरण्यापूर्वी एक विचारून ठेवा : पाणी सुटलं नाही किंवा जास्त निघालं, तर फेरी रद्द कोण करणार, आणि पैसे परत की दुसरी तारीख? दुसरी तारीख देणारा बरा. पैसे बुडणार नाहीत हे दोन्ही बाजूंना माहीत असलं, की नदीकडे बघून ‘आज नको’ म्हणायला कोणाचीच जीभ अडखळत नाही.