एफआरएम : अडीच मिनिटांचा एक प्रश्न

चार तासांत १०० प्रश्न, म्हणजे एकेकाला जेमतेम अडीच मिनिटं. वित्तीय जोखीम व्यवस्थापनाच्या एफआरएम परीक्षेचा हा पहिला भाग. ‘गार्प’ ही संस्था ती घेते. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

तयारी मात्र वाचून होत नाही, कॅल्क्युलेटर हातात धरूनच होते. समजा, गुंतवणूक १ कोटीची आणि तिचं रोजचं प्रमाण विचलन १.५ टक्के. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.६५ने गुणलं की एका दिवसाचं ‘व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क’ येतं २,४७,५०० रुपये. दहा दिवसांसाठी दहाने नव्हे, दहाच्या वर्गमुळाने गुणायचं; इथे भलेभले घसरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शंभरातले पंच्याण्णव दिवस तोटा या रकमेच्या आत राहील एवढंच हा आकडा सांगतो. उरलेल्या पाच दिवसांत तो कुठवर जाईल, यावर तो गप्प असतो.

सूत्रांइतकाच वेळ बुडालेल्या संस्थांना द्यावा. १९९५मध्ये बेअरिंग्ज बँक कोसळली, कारण सिंगापुरात सौदे करणं आणि त्यांचा हिशेब ठेवणं, दोन्ही निक लीसन या एकाच कर्मचाऱ्याच्या हाती होतं. तोटे ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडत गेले.