दोन मिनिटांचा विमानप्रवास

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात विमानात बसलेले कोणी नाही. मीही बसलेली नाही. परंतु अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते, हे प्राथमिक शाळेतले सूत्र विमानाला कितपत लागू पडते, याचे मला कुतूहल आहे. ते तपासण्यासाठी मी जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानफेरी निवडली.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांत अवघे २.७ किलोमीटर अंतर आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. म्हणजे हा सारा प्रवास त्या एका धावपट्टीत मावेल! लोगनएअर या कंपनीने १९६७ साली ही फेरी सुरू केली. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिलेली असतात.

आता गणित मांडू. या मार्गावरचे आयलंडर जातीचे छोटे विमान आठ उतारू नेते. भर वेगात ते ताशी सुमारे २४० किलोमीटर जाते. त्या हिशेबाने २.७ किलोमीटरला चाळीस सेकंद पुरावेत. प्रत्यक्षात विक्रमच ५३ सेकंदांचा आहे. एरवी दीड मिनिट लागते. असे का व्हावे? विमानाने भर वेग गाठावा, तोच उतरण्याची तयारी करावी लागते. शिवाय विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि उतरते. वारा गैरसोयीचा असला की वळसा आलाच. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाण्यातही वेळ मोडतो. लांबच्या प्रवासातही हे सारे असते; पण हजार किलोमीटरांत ते जाणवत नाही. येथे मात्र चढणे आणि उतरणे हाच प्रवास आहे.

मग एवढ्याशा अंतराला विमान कशाला? पापा वेस्ट्रेवर शंभराहूनही कमी माणसे राहतात. बोट आहे, पण तिला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात, आणि तिकडचा समुद्र नेहमीच शांत नसतो. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांना हे विमान आपल्याकडच्या गाडीसारखे उपयोगी पडते. केवळ तिकिटांच्या पैशांवर अशी सेवा चालणार नाही. म्हणून तिला सार्वजनिक पैशाचा आधार दिला जातो.

आमच्या गावची नदी हाक पोहोचेल इतकीच रुंद आहे. तरी पूर आला की पलीकडचे गुरुजी येऊ शकत नसत आणि शाळा भरत नसे. त्यामुळे या विमानाचे मला नवल कमी आणि महत्त्व अधिक वाटते. शंभर माणसांच्या बेटासाठीही कोणीतरी खर्चाचा हिशेब नफ्यापलीकडे जाऊन केला आहे. दोन ठिकाणांमधले अंतर नकाशावर पट्टीने मोजता येते. पण पलीकडे जायची सोय नसेल, तर २.७ किलोमीटरही फार लांब असतात.