पोट लहान झाल्यानंतर

पानिपत शहराबाहेर आठेक किलोमीटरवर काला अंब आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी मराठी फौज जिथे झुंजली, त्या रणभूमीची खूण म्हणून मराठी माणसे दर संक्रांतीला इथे येतात. त्या दिवसाआधीचे दोन महिने मात्र भुकेचे होते. अहमदशहा अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि सेनापती सदाशिवराव भाऊंच्या छावणीचा पुरवठा तुटला. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मेलेले बरे, असे म्हणून सैन्य संक्रांतीच्या सकाळी बाहेर पडले.

आज याच भागातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर, पानिपत आणि दिल्लीच्या मध्ये, मुरथलचे ढाबे रात्रभर उघडे असतात. पराठ्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवल्याशिवाय थाळी पुढे येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) हरियाणातील १५ ते ४९ वयोगटातल्या ३३.१ टक्के स्त्रिया आणि २८.३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. दिल्लीत हेच आकडे ४१.३ आणि ३८ टक्के आहेत. महाराष्ट्रातही जवळजवळ दर चौथा प्रौढ या गटात मोडतो.

अन्नाची चणचण गेली, पण शरीराने आपली जुनी सवय सोडली नाही. वजन घटू लागले की शरीराला उपासमारीची चाहूल लागते. भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. म्हणून सहा महिने काटेकोर पथ्य पाळून उतरवलेले वजन पुढच्या काही वर्षांत बहुतेकदा परत येते आणि माणूस स्वतःच्या मनोबलाला दोष देत बसतो. लठ्ठपणा हा आळसाचा किंवा हावरटपणाचा पुरावा नाही, तो एक दीर्घकालीन आजार आहे, ही गोष्ट अजून घराघरांत पोहोचलेली नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेकडे, म्हणजे बॅरिएट्रिक सर्जरीकडे, पाहताना सुरुवात इथूनच करायला हवी.

शस्त्रक्रियेआधीचे आयुष्य बाहेरून दिसते त्याहून अवघड असते. बुटाची नाडी बांधायला दुसऱ्याची मदत लागते. भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता येत नाही, रेल्वेतला वरचा बर्थ मिळाला की पोटात गोळा येतो, लग्नाला जायचे तर अंगाला बसेल असा कपडा मिळत नाही. रात्री घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो, झोप मोडते आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते. स्लीप अ‍ॅप्निया नावाच्या या विकारात अनेकांना सीपॅप यंत्राचा मुखवटा लावून झोपावे लागते. त्यात मधुमेह, रक्तदाब, झिजलेले गुडघे, यकृतावरची चरबी आणि स्त्रियांमध्ये पाळीच्या व मूल राहण्याच्या अडचणी यांची भर पडते.

आणि टोमणे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र बंदोबस्तावर कोटी करत समाजमाध्यमावर टाकले. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, तो मध्य प्रदेशातला निरीक्षक होता. आपले वजन खाण्यामुळे नव्हे तर आजारपणामुळे वाढले आहे, हे त्याला सगळ्या देशासमोर सांगावे लागले. तेव्हा त्याचे वजन सुमारे १८० किलो होते. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वजन बरेच उतरले. ज्या छायाचित्रावर लोक हसले, ते एका रुग्णाचे छायाचित्र होते.

मराठी वाचकांच्या ओळखीचे दुसरे उदाहरण नितीन गडकरी यांचे. भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष म्हणून दिल्लीत असताना, सप्टेंबर २०११ मध्ये, त्यांनी मुंबईत डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्याकडून ही शस्त्रक्रिया करून घेतली. नागपूरचा हा नेता खाण्याचा शौकीन म्हणून प्रसिद्ध होता आणि मधुमेह मागे लागलेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगितले, की आपले वजन एकेकाळी १३५ किलो होते, आता ९३ आहे आणि जुना फोटो पाहून लोक ओळखत नाहीत. तिथल्या खासदारांनी घटवलेल्या दर किलोमागे विकासकामांसाठी हजार कोटी देण्याचे आव्हानही त्यांनी त्याच सभेत दिले. मधल्या दहा वर्षांचे सगळे श्रेय एका शस्त्रक्रियेला देता येणार नाही. बदललेला आहार आणि रोजचा प्राणायाम यांचा उल्लेख ते स्वतः वारंवार करतात.

सप्टेंबर २०१४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनीही मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी दिल्लीत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस संसर्गामुळे त्यांना एम्समध्ये दाखल व्हावे लागले. ही ‘बारीक होण्याची’ सौंदर्योपचारातली गोष्ट नसून पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात? सध्या दोन प्रकार जास्त चालतात. ‘स्लीव्ह’मध्ये दुर्बिणीतून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि मागे केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी छोटीशी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न बाकीचे जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा तुकडा टाळून पुढे जाते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात बायपासचा पाया घातला.

पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, हे या शस्त्रक्रियेचे अर्धेच स्पष्टीकरण आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि मेंदूला भुकेचा निरोप देते. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग निघून जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ सारखी संप्रेरके वाढतात, पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि इन्सुलिन चांगले काम करू लागते. म्हणून काही मधुमेहींची साखर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. पथ्याने जी भूक भडकते, ती शस्त्रक्रियेने शमते. फरक इथे आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे घोटाघोटाचे असतात. सुरुवातीला पाणी, शहाळे, गाळलेले सूप, पातळ ताक. मग मुगाचे पातळ वरण, घोटलेली खिचडी, मऊ पनीर, अंडे. साध्या जेवणापर्यंत यायला साधारण महिना-दीड महिना लागतो. घास लहान हवा, बारीक चावायला हवा आणि जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्धा तास थांबायचे. ताटात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भात-पोळी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. वाटीभर अन्नात पोट भरत असताना हे जमवणे शाकाहारी घरांत कठीण जाते, म्हणून डाळ, पनीर, दही, सोयाबीन आणि गरज पडल्यास प्रथिनांची पावडर यांचा हिशेब आहारतज्ज्ञाबरोबर बसून करावा लागतो. बायपास झालेल्याने श्रीखंड किंवा जिलबीवर ताव मारला, तर थोड्याच वेळात धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात.

खरी परीक्षा पंगतीत होते. आपल्याकडे प्रेम वाढण्यातून व्यक्त होते. ‘एवढीशीच पोळी? आजारी आहेस का?’ असे आत्या-मावशी विचारतात, आणि ज्याने कालपर्यंत ‘किती खातोस’ हे ऐकले, त्याला आज ‘काहीच खात नाहीस’ हे ऐकावे लागते. अनेक जण शस्त्रक्रियेची गोष्ट लपवतात, कारण कष्ट न करता आडवाटेने बारीक झाल्याचा शिक्का बसतो. घरातल्यांनी शस्त्रक्रियेआधीच आहारतज्ज्ञाची भेट घेतली, तर हा आग्रह पुष्कळ कमी होतो.

पहिल्या वर्षा-दीड वर्षात एकूण वजनाच्या पंचवीस ते तीसेक टक्के वजन उतरते. गुडघे मोकळे होतात, सीपॅपचा मुखवटा अनेकांच्या उशाशेजारून जातो, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होतात. पण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस मूठमूठ गळतात, आणि ते बहुधा परत येतात हे आधी सांगितलेले नसेल तर माणूस घाबरतो. दंड, पोट, मांड्यांची कातडी लोंबते. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्त छळते. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. सतत उलट्या होत असतील तर ब-१ च्या कमतरतेने मज्जासंस्थेला इजा होऊ शकते, तेव्हा ‘सवय होईल’ म्हणून घरी बसू नये. स्त्रियांना वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात. वजन उतरल्यावर बीजनिर्मिती सुधारते आणि नको तेव्हा दिवस राहण्याची शक्यताही वाढते, हे नवविवाहितांना मुद्दाम सांगायला हवे.

मनाचे काय? ताण आला की खाणे हा ज्यांचा आधार होता, त्यांचा तो आधार एका रात्रीत जातो. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांवरही लक्ष ठेवावे लागते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही शस्त्रक्रियेआधीची औपचारिकता नसून नंतरचीही गरज आहे.

मग हे सगळे करावे का? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात, सरासरी अकरा वर्षांच्या पाहणीनंतर, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन सुरुवातीला सरासरी ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येते, पण बरेचसे जाते ते जातेच. अमेरिकेतील ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ टक्क्यांपर्यंत खाली राहिलेले मधुमेही बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि केवळ औषधांवर ५ टक्के होते. अमेरिकेतल्याच ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांत मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. धोका लहान आहे, शून्य नाही.

कोणी करावी, याचे उत्तर भारतीयांसाठी वेगळे आहे आणि त्यामागे पुण्याचे काम आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आतून चरबीदार असू शकतो, म्हणून आपल्याला मधुमेह कमी वजनावर गाठतो. त्यामुळे आशियाई लोकांसाठी बीएमआय ३७.५, किंवा मधुमेहासारखे आजार असतील तर ३२.५ ही मर्यादा डॉक्टर वापरत आले आहेत. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी तर याहून खाली आल्या आहेत. आरोग्य विमा मात्र नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार ४०, किंवा हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे गंभीर आजार असल्यास ३५ ही मर्यादा पाहतो. पाच फूट पाच इंच उंचीच्या मधुमेही माणसाचे वजन ८९ किलो असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतील, पण विमा ९५ किलोच्या पुढेच दार उघडेल. ही तफावत दूर व्हायला हवी.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. शस्त्रक्रियेनंतर आतड्यातून आपोआप वाढणाऱ्या संप्रेरकांचीच ती नक्कल करतात. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेच्या मर्यादेइतके नाही, किंवा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी परत वाढले आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे, पण औषध थांबवल्यावर बहुतेकांचे वजन परत येते.

ज्यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला आहे, त्यांनी रुग्णालय निवडताना ‘आधी-नंतर’च्या फोटोंऐवजी या प्रश्नांची उत्तरे पाहावीत. शल्यचिकित्सकासोबत आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचा संच आहे का? मध्यरात्री ताप किंवा उलटी झाली तर फोन कोण उचलतो? थायरॉइड, हृदय व झोप यांच्या तपासण्या आणि एंडोस्कोपी आधी होणार का? तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला आणि पुढे दरवर्षी होणाऱ्या रक्ततपासण्यांचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, की तो वेगळा बाजूला काढावा लागेल? नागपूर, नाशिक किंवा पानिपतसारख्या शहरातून मुंबई-दिल्लीला जाऊन शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी गावातल्या एका फिजिशियनला आधीच गाठून शस्त्रक्रियेचे सगळे कागद त्याच्या हाती द्यावेत, कारण पुढची कित्येक वर्षे ब-१२ आणि लोहाचे अहवाल त्यालाच वाचायचे आहेत.