कोरेगाव, मसूर, कराड : कृष्णाकाठच्या वाटेवर बाबासाहेबांची तहान

7 नोव्हेंबरला, विद्यार्थी दिवशी, आपण साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलला अभिवादन करतो. 1900 साली याच दिवशी भिवा या शाळेत दाखल झाला. पण कार्यक्रम संपला की बहुतेक जण थेट घरी परततात. त्याऐवजी एक दिवस राखून कृष्णेच्या काठाने कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड असे जावे. प्रवास रमणीय आहे आणि इतिहास आपला आहे.

आधी एक घोळ दूर करू. 1901 च्या उन्हाळ्यात भावंडे वडिलांना भेटायला निघाली ते गाव 'कोरेगाव' असे भाषणांत सर्रास सांगितले जाते. काही जण तर ते थेट भीमा कोरेगावला नेऊन जोडतात! ते गाव खटाव तालुक्यातले, असे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहिले आहे. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता आणि रामजी बाबा तिथे रोखपाल होते. पुस्तक छोटे आहे. निघण्यापूर्वी वाचाच.

मुले रेल्वेने मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, पण 'महार' हा शब्द ऐकताच तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही एकही गाडीवान त्यांना गाडीत घेऊन हाकायला तयार होईना. शेवटी मुलांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बाजूने चालला. सोबत डबा होता, पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, तरी मिळाले नाही. भरल्या डब्यासकट मुले उपाशी झोपली. महाड अजून 26 वर्षे दूर होते.

आज या वाटेवर बागायती शेती दिसते. कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकनामुळे प्रसिद्ध आहे. वेळ असेल तर तालुक्यातला कल्याणगड चढा. तिथल्या गुहेत पाण्यातून आत जावे लागते आणि आत पार्श्वनाथांची मूर्ती आहे. किल्ला म्हटला की फक्त लढाया आठवणाऱ्यांनी ही श्रमण परंपरेची खूणही पाहावी. रहिमतपूरला रणदुल्लाखानाची कबर आहे.

शेवटचा टप्पा कराड. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम सगळे पाहतात, आगाशिवच्या डोंगरातली बुद्ध लेणी मात्र थोडेच. जखिणवाडीच्या बाजूने वर गेले की साठहून अधिक लेणी आहेत. बहुतेक साधी, मूर्तिकाम जवळपास नाही. चैत्यगृहे, भिक्खूंच्या खोल्या, दगडी ओटे. म्हणूनच ती जुन्या थेरवादी काळातली मानतात. कराडचे प्राचीन नाव करहाकट. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या कठड्यावर या नगराने दिलेल्या दानाचा शिलालेख आहे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या उपासकांचे दान तिथवर पोहोचले होते. मुलांना हे लेण्यातच बसून सांगा.

लेण्यांत नावे कोरू नका, तेलरंग लावू नका. चढ उन्हाचा आहे, सकाळीच निघा. पाणी पुरेसे घ्या, वाटेत भेटेल त्यालाही देता येईल इतके.