'टू किल अ मॉकिंगबर्ड' : खोटा आरोप, बळी आणि पूर्वग्रह – महाराष्ट्राच्या संदर्भात एक आकलन

प्रस्तावना :
हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० मध्ये प्रकाशित झाली व १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९३० च्या दशकात घडणारे हे कथानक वर्णद्वेषाचे चित्रण म्हणून अभ्यासले जाते. तथापि, पुराव्यापूर्वीच आरोपी निश्चित करणारी मानसिकता अमेरिकेपुरती मर्यादित नाही. प्रस्तुत लेखात या कादंबरीच्या आधारे महाराष्ट्रातील दोन खटल्यांचा विचार केला आहे.

कादंबरीतील खटला :
टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला यूएल या श्वेतवर्णीय तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला जातो. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस जखमा आहेत. टॉमचा डावा हात मात्र बालपणीच्या अपघातामुळे निकामी आहे. तिचा पिता डावखुरा आहे. वैद्यकीय तपासणी झालेलीच नाही. वकील अ‍ॅटिकस फिंच हे सर्व न्यायालयापुढे मांडतो, तरीही श्वेतवर्णीय ज्यूरी टॉमला दोषी ठरवते.

मेयेला स्वतःही दारिद्र्याची, एकाकीपणाची आणि पित्याच्या हिंसेची बळी आहे. पित्याविरुद्ध बोलण्यास तिला वाव नाही. कृष्णवर्णीयाविरुद्ध बोलताच मात्र तिच्यावर विश्वास ठेवला जातो. हा विश्वास तिच्याबद्दलच्या आदरातून आलेला नसून वर्णाच्या उतरंडीतून आलेला आहे.

जन्माने गुन्हेगार :
भारतात असा शिक्का कायद्यानेच मारला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. लोणी काळभोरवरून जाणारा महामार्ग ज्या सोलापुरात पोहोचतो, तेथे या जमातींसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत होती. 'सेटलमेंट' हे नाव तेथे आजही रूढ आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, परंतु संशय टिकून राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन त्या संशयाखालील जगण्याचा दस्तऐवज होय.

नाशिकचा खटला :
जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडून ५ जणांची हत्या झाली व बलात्काराचा गुन्हाही घडला. भटक्या जमातीतील ६ मजुरांना अटक झाली. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले. फेरविचारानंतर ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष मुक्त केले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने प्रारंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, पण त्या दिशेने तपास झाला नाही. आरोपी भटक्या जमातीतील व अत्यंत गरीब असल्याने त्यांना गोवले गेल्याची शक्यता न्यायालयाने लक्षात घेतली आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

येथे कादंबरीशी असलेला भेदही ध्यानात घ्यावा. कादंबरीत गुन्हा घडलेलाच नाही. नाशिकमध्ये गुन्हा घडला होता आणि पीडित कुटुंबाचे दुःख खरे होते. चुकीच्या माणसांना तुरुंगात डांबल्याने निरपराधांची सुमारे १६ वर्षे गेली आणि पीडितांनाही न्याय मिळाला नाही.

नाण्याची दुसरी बाजू :
टॉमच्या कथेवरून स्त्रियांच्या तक्रारी खोट्या असतात असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. अंगावर जखमा नाहीत, यास महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. येथे दुर्बल समाजातील व्यक्ती फिर्यादी होती आणि तिचा शब्द अपुरा ठरला.

समारोप :
तिन्ही उदाहरणांत एक सूत्र आढळते. दुर्बल समाजातील व्यक्ती आरोपी असेल तर तिच्या बाजूचा पुरावा दुर्लक्षिला जातो आणि फिर्यादी असेल तर तिच्याकडे अधिक पुरावा मागितला जातो. म्हणून ही कादंबरी वर्गात शिकविताना अ‍ॅटिकसच्या थोरवीपाशी न थांबता, कोणाच्या शब्दावर कोण आणि का विश्वास ठेवतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. त्या वर्गात भटक्या-विमुक्त समाजातील विद्यार्थीही बसलेले असतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ परक्या देशातील कथानकाचा राहत नाही.